टॉमबॉयला पुन्हा चांगले दिवस यावेत, आणि या वेळी मराठीसकट

टिपणे ठेवण्यासाठी आज हवी तितकी ॲप्स मिळतात आणि त्यांतली बरीचशी मी वापरूनही पाहिली आहेत; तरीही लिनक्सवरच्या टॉमबॉय या जुन्या प्रोग्रामचे पुनरुज्जीवन व्हावे असे मला मनापासून वाटते. ही केवळ जुन्या सवयीची ओढ नाही.

टॉमबॉयची सारी करामत एका गोष्टीत होती. टिपणाची पहिली ओळ हे त्याचे शीर्षक, आणि तेच शीर्षक दुसऱ्या कुठल्याही टिपणात टाइप केले की तिथे आपोआप दुवा तयार होई. आधी फोल्डर आखा, मग वर्गवारी ठरवा, ही कटकटच नव्हती. पुण्याच्या पाण्याच्या इतिहासाची टिपणे मी त्यात ठेवत असे. हौदांविषयी लिहिताना ओघात ‘कात्रज तलाव’ असे शब्द आले की ते निळे होत आणि क्लिक करताच पेशवेकालीन नळाचे टिपण उघडे. ‘पानशेत’ लिहिले की १९६१च्या पुराचे. प्रत्येक टिपण आपल्याच संगणकावर, स्वतंत्र एक्सएमएल फाइलमध्ये, म्हणजे कुठल्याही संपादकात उघडता येणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राही, त्यामुळे प्रोग्राम गेला तरी मजकूर हाती उरला.

अडचण मराठीची होती. टॉमबॉय शीर्षक अख्खा शब्द म्हणून शोधत असे. ‘पानशेत’ त्याला ओळखू येई, ‘पानशेतच्या’ येत नसे. ‘खडकवासला’चे ‘खडकवासल्याच्या’ झाले, की मूळ शब्दच बदलल्यामुळे तो पार हतबल होई. परिणामी मी ‘पानशेत : पूर’, ‘खडकवासला : पातळी’ अशी तुटक, तारेच्या मजकुरासारखी मराठी लिहू लागलो, आणि प्रोग्रामसाठी आपण आपले वाक्य मोडावे हे मला कधीच पटले नाही.

टॉमबॉय मागे पडले ते गुणांअभावी नव्हे. ॲलेक्स ग्रेव्हली यांनी ते मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्प भाषेत लिहिले होते, त्यामुळे त्याला मोनो, म्हणजे सी-शार्पमधले प्रोग्राम लिनक्सवर चालवणारी प्रणाली, लागे; आणि मोनोवर विसंबण्याचा धोका मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी २००९ साली जाहीरपणे मांडला. त्याच वर्षी टॉमबॉयचीच सी-प्लस-प्लस भाषेत लिहिलेली, मोनो न लागणारी प्रतिकृती जीनोट आली. पुढे २०१२च्या उबुंटू १२.०४ या लिनक्स आवृत्तीसोबत टॉमबॉय आपोआप मिळणे बंद झाले. (ग्रेव्हली नंतर गिटहब कोपायलट या कोड सुचवणाऱ्या एआय साहाय्यकाच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक ठरले, हीसुद्धा एक गंमतच.)

आज टॉमबॉय-एनजी या नावाने त्याचा फ्री पास्कलमधला (पास्कल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला) नवा अवतार उपलब्ध आहे आणि जुन्या टिपणांच्या फाइली तो वाचतो. म्हणजे धुगधुगी आहे. त्यात क्लाउड, सदस्यत्व, लेखन-साहाय्यक असले काही घुसडू नये. हवे आहे ते मराठी विभक्तीचे भान. सामान्यरूपांचे नियम ठरावीक आहेत, अपवाद आहेत पण त्यांची यादी करता येते, आणि चुकीचा दुवा पडलाच तर तो एका क्लिकने काढता यावा एवढी सोय पुरेशी आहे.

पास्कल येणारी माणसे पुण्यात अजूनही असतील, अगदी निवृत्त प्राध्यापकांतही. त्यांच्यापैकी कुणाला यात रस असेल, तर स्थळनामे आणि त्यांची सामान्यरूपे यांची यादी करून देण्याचे, तसेच माझ्या जुन्या टिपणांवर चाचणी घेण्याचे काम मी आनंदाने अंगावर घेईन.