आमचे ४४ लाख

"कॅन्सल कर."

दाजींचा मेसेज एवढाच होता. २०२५चा मे महिना, निम्मा सरत आलेला. तासाभरापूर्वी मीच आमच्या 'गोतावळा' ग्रुपवर लिहिलं होतं की ऑगस्टात पोरांना घेऊन तुर्कस्तानातल्या अंताल्याला जातोय, आठ दिवस, समुद्रकाठचं रिसॉर्ट, लेकीची जीसीएसई, म्हणजे इथली इंग्लंडातली दहावी, संपेल त्याचं बक्षीस. वर विचारलंही होतं, तिकडे उन्हाचं काय, कुणाला काही माहिती?

अक्कल गहाण ठेवून लिहिलं होतं असं आता वाटतं. सात मेला ऑपरेशन सिंदूर झालं होतं, दहाला गोळीबार थांबला होता, आणि तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यामुळे भारतात सगळे पेटलेले. पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घ्यायचं बंद केलं होतं. लोक तिकिटं रद्द करून त्याचे स्क्रीनशॉट मिरवत होते. आणि मी डोंबिवलीतल्या माणसांना विचारतोय, सनक्रीम किती नंबरची घेऊ.

तरीही रागच आला. दोन शब्दांत कॅन्सल करायला ते काय दुधाचं पाकीट आहे? टीनएजर मुलांना घेऊन सुट्टी ठरवणं काय असतं हे दाजींना ठाऊक नाही. त्यांची मुलगी सोळाची आहे, पण ती अजून आईवडील म्हणतील त्या गाडीत बसते. आमच्याकडे जानेवारीत बायकोने एक एक्सेल शीट केलं होतं. लेकीच्या अटी: खोलीला दार हवं, पडदा चालणार नाही, वायफाय समुद्रापर्यंत पोचलं पाहिजे, 'फॅमिली ॲक्टिव्हिटी' नावाचं काहीही नको, आणि टीन्स क्लबात तिला कुणी घालायचं नाही. लेकाच्या अटी दोनच. घसरगुंड्या आणि दिवसभर खायला. बायकोला आठ दिवस स्वयंपाकघर दिसायला नको होतं. मला काय हवं होतं ते त्या शीटमध्ये नव्हतं, कारण मला कुणी रकानाच दिला नव्हता.

त्यात हॉटेलांचे वयाचे हिशेब. सोळाची म्हणजे पूर्ण तिकीट, पूर्ण खाट. लेक जूनमध्ये तेराचा होणार, आणि मला परवडणाऱ्या निम्म्या ठिकाणी मुलांचा दर बाराला संपत होता. 'दोन मोठे, दोन लहान' असं टाकून शोधायची इतक्या वर्षांची सवय, ती यंदा मोडली. 'चार मोठे' असं टाकल्यावर पडद्यावर जो आकडा आला, तो बघून मी लॅपटॉप मिटवून चहा टाकायला गेलो. शाळा चालू असताना जावं तर आईबाप प्रत्येकी, मुलामागे ८० पाउंड दंड. म्हणजे ऑगस्टच, आणि ऑगस्ट म्हणजे दुप्पट. कॉर्नवॉल, म्हणजे इथलाच समुद्रकिनारा, याहून महाग पडत होतं, आणि कॉर्नवॉलला आम्ही पाच उन्हाळे विंडब्रेकच्या आड बसून वाळूचे सँडविच खाल्लेत. पुन्हा तिकडे न्यायचं म्हटलं असतं तर लेकीने सोशल सर्व्हिसेसना फोन केला असता.

मग स्पेन का नाही, ग्रीस का नाही, हे दाजींनी पुढच्याच मेसेजमध्ये विचारलं. याचं उत्तर मला ग्रुपवर देता येईना. बायकोने चार वर्षांपूर्वी ब्रिटिश पासपोर्ट घेतला, मुलांचे आहेतच. मी घेतलेला नाही. दरवर्षी म्हणतो घेऊ, आणि दरवर्षी फॉर्म उघडून बंद करतो. त्यामुळे स्पेनला जायचं तर तिघं सरळ विमानात बसतात आणि माझ्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो: बँकेची स्टेटमेंटं, नोकरीचं पत्र, ९० युरो, आणि लंडनची अपॉइंटमेंट, जी फेब्रुवारीपासून रोज पहाटे उठून बघितली तरी मिळाली नाही. तुर्कस्तानचा ई-व्हिसा मात्र इथे राहायचा परवाना असलेल्या भारतीयाला घरबसल्या मिळतो. म्हणजे नीट बघितलं तर माझ्याच्याने भारतीय पासपोर्ट सुटत नाही म्हणून आम्ही तुर्कस्तानला निघालो होतो. हे दाजींना कोणत्या तोंडाने सांगणार?

त्याऐवजी मी वाद घातला. रात्री साडेबाराला, म्हणजे त्यांच्या पहाटे पाचला. लिहिलं की बहिष्काराची ही लाट मी आधीही बघितली आहे. जानेवारी २०२४ मध्ये मालदीव होतं, तेव्हा सगळे एका रात्रीत लक्षद्वीपचे जाणकार झाले होते. (पुढे २०२५च्या जुलैमध्ये आपले पंतप्रधानच मालदीवच्या स्वातंत्र्यदिनाला पाहुणे म्हणून गेले. तेव्हा ती बातमी ग्रुपवर टाकायला माझं बोट शिवशिवलं होतं, पण तोवर मी शहाणा झालो होतो.) लिहिलं की इंडिगो टर्किश एअरलाइन्सकडून भाड्याने घेतलेली विमानं अजून उडवते आहे, आधी ती उतरवा, मग माझ्या पोरांच्या घसरगुंड्यांकडे बघा. मेअखेरीस सरकारने त्या विमानांना आणखी तीन महिने दिले, तेव्हा मी एकटाच इथे रेडिंगमध्ये बसून जिंकल्यासारखा हसलो.

आणि मग मी आकडे काढले. आकडे काढले की माणूस हरतो, हे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीही मला कळलेलं नाही. २०२४ मध्ये तुर्कस्तानात भारतातून गेले साधारण ३.३ लाख लोक. ब्रिटनमधून गेले ४४ लाखांच्या वर. मी टाइप केलं:

"तुमच्या तीन लाखांनी त्यांना काय फरक पडणार आहे? आमचे ४४ लाख जातात."

पाठवलं आणि झोपलो.

सकाळी उठून बघतो तर दाजींनी माझाच मेसेज उचलून खाली फक्त एक शब्द लिहिला होता. "आमचे?"

बाकी कुणी काही बोललं नव्हतं. मावशीने नेहमीचं गुलाबाचं फूल टाकलं होतं, शुभ सकाळ लिहून.

या 'आमचे'बद्दल जरा सांगतो. आमच्या घरात 'आपण' आणि 'आम्ही'चा गोंधळ गेली दहा वर्षं चालू आहे. मुलं शनिवारच्या मराठी वर्गाला जात होती तोवर बाईंनी पुष्कळ प्रयत्न केले. पण इंग्रजीत एका 'वी'वर भागतं, त्यामुळे लेक सगळीकडे 'आम्ही'च वापरते. "बाबा, आम्ही पिझ्झा मागवायचा का?" असं मलाच विचारते, आणि मी दरवेळी म्हणतो, मागवा की, मी पोळी खाईन. हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. मी तिला दहा वर्षं शिकवतोय की समोरच्याला धरून बोलायचं असेल तर 'आपण', वगळून बोलायचं असेल तर 'आम्ही'. आणि मग स्वतःच मध्यरात्री सख्ख्या बहिणीच्या घराला वगळून गॅटविक विमानतळाच्या रांगेतल्या ४४ लाखांत जाऊन उभा राहिलो. त्यातले निम्मे पहाटे सहाला टॉवेल टाकून खाटा अडवणारे.

त्या दिवशी ऑफिसात नेहमीप्रमाणे कुणीतरी विचारलं, "एनीव्हेअर नाइस?" अंताल्या म्हटलं. "लव्हली," म्हणाला आणि किटली भरायला गेला. मला तिकडच्या लोकांची तुलना इकडच्यांशी करायची खोड आहे आणि ती नेहमी इकडच्यांच्या बाजूने झुकते, हे मला मान्य आहे. इथे कुणाच्या सुट्टीत कुणी नाक खुपसत नाही, हे मी वीस वर्षं कौतुकाने सांगत आलो. त्या दिवशी ते 'लव्हली' मला किटलीइतकंच कोमट वाटलं. मी तिथे गेलो काय, नाही गेलो काय, जगात एकच घर होतं जे त्यावरून माझ्याशी भांडत होतं.

संध्याकाळी ताईचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, वेगळा. "भागशाळा मैदानात मी उभी होते रे."

पहलगामला २२ एप्रिलला जे २६ जण मारले गेले त्यांत महाराष्ट्रातले सहा होते, आणि त्यांतले तिघं डोंबिवलीचे. सुट्टीवर गेलेली माणसं होती ती. घरच्यांना घेऊन, महिनोन्‌महिने ठरवून, खोल्या-गाड्यांचे हिशेब करून गेलेली, बहुधा आमच्यासारखीच एखादी यादी करून. त्या तिघांच्या अंत्यदर्शनाला सगळी डोंबिवली भागशाळा मैदानात लोटली होती. मी त्या दिवसाचे व्हिडिओ इथे ट्रेनमध्ये बघितले होते, आवाज बंद करून. ताई मैदानात उभी होती. यावर मला काही लिहिता आलं नाही. अंगठा वर केलेलं ते पिवळं चित्र पाठवलं, आणि ते पाठवल्याबद्दल अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

मग मी खोटं बोललो. ग्रुपवर लिहिलं, पैसे भरून झालेत, आता काही परत मिळणार नाही. भरले होते फक्त प्रत्येकी साठ, म्हणजे २४० पाउंड. उरलेले ३,८६० भरायची शेवटची तारीख त्याच आठवड्यात होती. कार्डाचा नंबर घालून मी बटणावर बोट ठेवून बसलो होतो तेव्हा लेक पाणी प्यायला खाली आली. तिची गणिताची पहिली परीक्षा नुकतीच झाली होती, डोळे सुजलेले. म्हणाली, "आम्ही जातोय ना, बाबा?" मी बटण दाबलं.

दाजींचा शेवटचा पर्याय होता कोकण. "आपला समुद्र काय वाईट आहे?" हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाने ऑगस्टातला समुद्र बघितलेला नसतो, किंवा बघितला असून विसरलेला असतो. मेच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत मालवणला ना स्कूबा, ना होडी, किल्ल्याची फेरीही बंद. नारळी पौर्णिमेआधी दर्या कोळ्यालासुद्धा आत घेत नाही, माझ्या लेकाला काय घेणार? आणि आम्ही गेलो नाही असंही नाही. २०२३च्या डिसेंबरात तारकर्लीजवळ चार दिवस होतो. घरगुती निवास, माडाची बाग, शहाळी. मालक भला माणूस. आधार कार्डं मागितली, मी पासपोर्ट पुढे केले, आणि तो थबकला. माझा ठीक. बाकीचे तिघं फॉरिनर. त्यांचा सी-फॉर्म, म्हणजे परदेशी पाहुण्यांची सरकारी नोंद, भरावा लागायचा, चोवीस तासांत, आणि त्याने तो जन्मात भरला नव्हता. ओसरीवर बसून त्याचा पुतण्या आणि मी, दोघांनी मिळून मोबाइलवर तो फॉर्म भरला. 'भारतात कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचं कारण.' माझे आजोबा या जिल्ह्यातले. नातवंडांच्या मुलांचं येण्याचं कारण मी लिहिलं, 'पर्यटन'.

दुसऱ्या सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. वीस-पंचवीस माणसं दोन्ही दोरांना, आणि माझी लेक, तेव्हा चौदाची, हेडफोन खिशात घालून मधोमध घुसली. कुणी तिला विचारलं नाही ती कोण. एका म्हातारीने फक्त तिचे हात दोरावर जरा लांब सरकवले. तासभर ओढली. वाट्याला तिला चार बांगडे मिळाले, ते तिने शहाळ्याच्या कवटीत घालून आणले. एक्सेल शीटमध्ये तिने हे लिहिलं नव्हतं. मीही दाजींना सांगितलं नाही, कारण ते त्यांच्या बाजूचं उदाहरण झालं असतं.

तर गेलो. चार तासांचं विमान, मनगटाला पट्टे. लेकाला घसरगुंड्या मिळाल्या, तो संध्याकाळी सुकलेल्या मनुकेसारखा परत यायचा. लेकीच्या खोलीला दार होतं आणि ते बहुतेक वेळ बंद होतं. समुद्र कोमट, निळा, आज्ञाधारक. जेवणाच्या मांडवात एका कोपऱ्यात एक बाई जमिनीवर बैठक मारून गोझलेमे लाटायची. हातभर लांब, बोटाएवढं बारीक लाटणं, एखादी छडीच. पीठ त्यावर गुंडाळायची आणि उलगडायची तोवर ते धोतरासारखं पातळ झालेलं असायचं. आत पालक किंवा बटाटा, घडी, उपड्या तव्यावर. सोबत आयरान, म्हणजे मीठ घातलेलं ताक, फक्त जिरं नाही. चौथ्या दिवशी लेक माझ्याबरोबर त्या रांगेत उभी होती. बाईने आमच्याकडे बघून विचारलं, "हिंदिस्तान?" लेक म्हणाली, "लंडन." बाई हसली, मान हलवली, माझ्याकडे बोट केलं. "हिंदिस्तान," असं मलाच समजावून सांगितल्यासारखं म्हणाली आणि मला बटाट्याचं जरा मोठं दिलं. दाजींच्या हिशेबाने तिने ते देण्यापूर्वी विचार करायला हवा होता आणि मी खाण्यापूर्वी. मी उभ्या उभ्या खाल्लं.

ग्रुपवर मी आठवडाभर काही टाकलं नाही. समुद्राचा नाही, सूर्यास्ताचा नाही, बायकोने दिलेला लेकाचा घसरगुंडीवरचा फोटोसुद्धा नाही. कुणी विचारलंही नाही.

सहाव्या दिवशी ताईचा फोन आला. मी पोहण्याच्या तलावापासून लांब, खोलीकडे चालत गेलो, मागचं संगीत ऐकू जाऊ नये म्हणून. तिने बाबांच्या गुडघ्याचं सांगितलं, गणपतीला यंदा कोण कोण येणार ते सांगितलं. आवाज नेहमीचा. मग म्हणाली, "पोरगी छान दिसते रे त्या पिवळ्या ड्रेसमध्ये. उंच झाली."

लेकीने तो ड्रेस आदल्या रात्री पहिल्यांदा घातला होता. म्हणजे इन्स्टावर टाकला होता, आणि भाची आठवडाभर सगळं बघत होती, आणि आईला दाखवत होती, आणि दाजींना बहुधा नाही.

"हो," मी म्हणालो.

"पाण्यात जपा त्यांना," ताई म्हणाली. "खोल जाऊ देऊ नको. आणि बाहेरची कोळंबी खाऊ नका."

कुठल्या पाण्यात ते ती बोलली नाही. मीही नाही.