सह्याद्रीतले किल्ले मृत ज्वालामुखी नाहीत

पावसाळा तोंडावर आला की भटक्या मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, गाभा तोच राहतो. सह्याद्रीतला प्रत्येक किल्ला म्हणजे एक मृत ज्वालामुखी. टोकदार सुळके म्हणजे ज्वालामुखीचे शंकू. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा म्हणजे फुटलेल्या मुखाची उरलेली अर्धी भिंत. लोणार हे सगळ्यांत मोठे मुख. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखा दगड जगात फक्त तीन ठिकाणी. आणि कोकणातले गरम पाण्याचे झरे व कोयनेचे भूकंप सांगतात, की हे ज्वालामुखी मेलेले नाहीत, नुसते झोपलेत. खाली ‘प्रत्येक मराठी माणसाला हे माहीत हवे’ ही ओळ असतेच.

मी दरवर्षी शाळेतली मुले घेऊन गडांवर जातो. गेल्या खेपेला रायगडाच्या पायथ्याशी सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, लाव्हा टकमक टोकावरून खाली पडायचा का?” घरी आलेला मेसेज तिने मन लावून वाचला होता. तिला वाटेत बसून जे सांगितले, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी मेसेजमधले खरे ते मान्य करू. सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, लाव्हाचाच आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो जमिनीतून बाहेर आला, पसरला आणि थिजला. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे आणि महाराष्ट्राचा बहुतांश भाग त्याच्याच खाली येतो. पण दगड लाव्हाचा आहे म्हणून डोंगर ज्वालामुखी ठरत नाही. पंढरपूरच्या वाळवंटातली वाळू पंढरपुरात जन्मलेली नाही, भीमेने ती वरून आणून टाकली. लाव्हाचेही तसेच.

तो आला कुठून? जपानच्या फुजीसारख्या एकेका शंकूतून नाही, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून. त्या भेगा आजही दिसतात, कारण त्यांत अडकलेला शेवटचा लाव्हा तिथेच गोठला. भूशास्त्रात त्याला डाइक म्हणतात. नंदुरबार-धुळे पट्ट्यात असे दोनशेहून अधिक डाइक नोंदले गेले आहेत आणि त्यांतला सर्वांत लांब ८० किलोमीटरच्या घरात जातो. आजूबाजूचा दगड झिजून गेला की डाइक माळावर काळ्या गडग्यासारखा उठून दिसतो, कुणी मुद्दाम बांध घातल्यासारखा. लाव्हाचे दार बघायचे असेल तर ते तिथे आहे, बालेकिल्ल्यावर नाही.

भेगेतून निघालेला लाव्हा किती दूर जावा? आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाकडे राजमहेंद्री आहे. तिथे बेसाल्टचे काही थर सापडतात आणि त्यांचे रासायनिक घटक आपल्या आंबेनळी आणि महाबळेश्वर थरांशी जुळतात. महाबळेश्वरपासून राजमहेंद्री सरळ रेषेतही आठशे किलोमीटरपेक्षा जास्त आहे. जो लाव्हा इतका लांब वाहू शकतो, त्याला दर पाच कोसांवर वेगळा ज्वालामुखी कशाला लागेल? जाता जाता, या थरांची शास्त्रीय नावे जव्हार, इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी अशी आहेत. जगभरचे भूवैज्ञानिक आपल्या गावांची नावे घेऊन या दगडाविषयी बोलतात. मला याचा फार अभिमान वाटतो, आणि मेसेजमध्ये नेमके हेच कधी नसते.

आता सुळक्यांचा मुद्दा. ‘आकार शंकूसारखा, म्हणून ज्वालामुखी.’ सगळ्या मेसेजचा पाया हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

शंकूचा ज्वालामुखी भर घालून वाढतो. मुखातून राख, खडे, लाव्हा बाहेर पडतो आणि चारही बाजूंनी खाली उतरतो. त्यामुळे त्याचे थर मुखापासून बाहेरच्या बाजूला उतरते असतात, छपरावरच्या कौलांसारखे. आता राजगडावर उभे राहून समोरच्या तोरण्याकडे बघा. थर आडवे आहेत. कडा, मग गवताळ टप्पा, पुन्हा कडा, पुन्हा टप्पा. तोरण्याच्या ज्या उंचीला एक कातळपट्टी आहे, साधारण त्याच उंचीला ती मधली दरी ओलांडून दुसऱ्या डोंगरावर पुन्हा सुरू होते. कुणी चपात्यांची चळत मधोमध कापावी आणि दोन्ही तुकड्यांच्या कडा जुळाव्यात तशी. या पायऱ्यांवरूनच युरोपातल्या अभ्यासकांनी या दगडाला ‘ट्रॅप’ म्हटले. पायरीसाठी जो स्वीडिश शब्द आहे, त्यातून ते नाव आले.

म्हणजे पूर्वी इथे सगळे एकसंध पठार होते. पाण्याने त्यात दऱ्या खोदल्या आणि मध्ये जे उरले त्याला आपण डोंगर म्हणतो. कळसूबाईचे १६४६ मीटर हे कुठल्या ज्वालामुखीने रचलेले नाहीत. भोवतालचे सगळे वाहून गेले आणि ती राहिली. सुळका म्हणजे या झिजेचा शेवटचा टप्पा. पठाराचा माथा सपाट असतो, तो झिजून अरुंद झाला की कातळाचा ताशीव किल्ला होतो, आणखी झिजला की सुळका. (पनवेल ते मुंबई पट्ट्यात थर पश्चिमेकडे कललेले दिसतात, हे खरे. पण ते साऱ्या किनाऱ्यालगत एकाच दिशेला कलले आहेत, एखाद्या मुखाभोवती गोल नाहीत.)

हे पुस्तकात वाचूनच पटते असे नाही. आपल्याकडे विहीर खणणाऱ्या माणसाला विचारा. वर माती, मग मुरूम, मग मऊ, ठिपकेदार दगड म्हणजे मांजऱ्या, मग फोडता न येणारा काळा पाषाण, मध्येच एखादा गेरूसारखा तांबडा थर, खाली पुन्हा मांजऱ्या. ही उतरंड तो बोटांवर मोजून सांगतो. पाणी कुठल्या सांध्यात लागेल याचा त्याचा अंदाज याच आडव्या थरांवर बसलेला असतो. मांजऱ्यातले पांढरे ठिपके म्हणजे लाव्हातले वायूचे बुडबुडे. पुढे त्यांत खनिजे साचून ते भरले.

खऱ्या मृत ज्वालामुखीवर उभा असलेला किल्लाही जगात आहे. स्कॉटलंडमधला एडिनबराचा किल्ला ज्या खडकावर आहे, तो सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला दगड आहे. वरचा शंकू केव्हाच झिजून गेला, नळीतला कठीण गाभा तेवढा राहिला. त्या खडकात आडव्या चपात्या नाहीत, तो एकसंध खुंट आहे. आपल्या बालेकिल्ल्यांच्या पोटात असा खुंट नसतो. तिथे तेच थर असतात, जे शेजारच्या डोंगरात आहेत. आणि ज्वालामुखीचे मुख खरेच बघायचे असेल, तर मॉरिशसमधल्या मराठी मंडळींना विचारा. क्युरपिप शहरात त्रू ओ सेर्फ नावाचा गोल खड्डा आहे, काठावर झाडी, तळाशी पाणी. बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्णबिंदूवरून जाताना आपल्या भूमीवर हा लाव्हा आला, त्याच बिंदूने पुढे मॉरिशस घडवले आणि आज तो रियुनियन बेटाखाली धगधगतो आहे. भारत तिथून कधीच हजारो किलोमीटर उत्तरेला सरकला.

कोकणकड्याचे उत्तर यातच आले. बेलपाड्यातून नळीच्या वाटेने चढताना कड्याचा नालेसारखा बाक डोळ्यांत भरतो, आणि ‘हे मुख असणार’ असे वाटणे अगदी साहजिक आहे, मलाही पहिल्यांदा वाटले होते. पण त्या भिंतीवरच्या रेषा बघा. त्या बाकाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आडव्या जातात आणि कडा संपला तरी पुढच्या डोंगरात चालू राहतात. मुखाची भिंत असती तर राख आणि फेकलेल्या दगडांचा चुरा सापडला असता, थर बाहेरच्या अंगाला उतरले असते. कड्याला बाक आला तो झिजेने. मऊ थर आधी निघून जातो, वरचा कठीण थर अधांतरी राहतो, तडकतो, कोसळतो, आणि कडा एक पाऊल मागे सरकतो. घाटाची अख्खी किनार अशीच मागे सरकत आली आहे.

त्या चढणीत दोन कातळांच्या मध्ये एक तांबडा पट्टा लागतो, हाताच्या उंचीचाही नसेल. मुलांना मी तिथे बोट फिरवायला लावतो. बोट लाल होते. एक लाव्हा थिजल्यानंतर पुढचा येईपर्यंत त्याच्या वरच्या भागाची माती व्हायला जेवढा वेळ मिळाला, तो या पट्टीत साठला आहे. काही ठिकाणी दोन लाव्हांच्या मधला काळ इतका लांब होता की तळी साचली आणि त्यांत जीव नांदले. मुंबईत वरळीच्या अशाच थरांमध्ये बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. जिथे एकामागून एक स्फोट चालले होते असे मेसेज सांगतो, तिथे मधल्या काळात बेडूक ओरडत होते.

लोणारच्या मुद्द्यावर मात्र चूक उलट्या बाजूची आहे. ते खरेच मुखासारखे गोल आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, काठापासून दीडशे मीटर खोल. एकोणिसाव्या शतकात अनेक जाणकारांनाही ते ज्वालामुखीचेच वाटले. प्रश्न सुटला तो दगडांतून. १९७३ साली तिथल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट सापडल्याचे प्रसिद्ध झाले. हा दगडातल्या फेल्डस्पार या खनिजाचा काच झालेला प्रकार. तो नुसत्या उष्णतेने होत नाही, त्याला उल्केच्या धडकेसारखा प्रचंड दाबाचा तडाखा लागतो. काठावरचे बेसाल्टचे थरही वर उचलले जाऊन बाहेर वळलेले आहेत. वयाचा हिशेबही जुळत नाही. दगड कोट्यवधी वर्षांचा, तर विवर दगडात अडकलेल्या आर्गॉन वायूच्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचे. लाव्हा थंड होऊन युगे लोटली, तेव्हा आकाशातून आलेल्या दगडाने हा खड्डा पाडला. बेसाल्टमध्ये इतके चांगले टिकलेले उल्काविवर दुर्मिळच. त्याला ज्वालामुखी म्हणून आपण त्याची किंमत कमी करतो.

गिल्बर्ट हिलचे ‘जगात फक्त तीन’ दोन ओळींत संपते. जाड लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो, भेगा पडतात आणि पाचसहा कोनांचे खांब तयार होतात. कोल्हापुरात पन्हाळ्याजवळ बांदिवडे गावात असे खांब आहेत, कर्नाटकात माल्पेसमोर सेंट मेरी बेटावर आहेत, आयर्लंडच्या किनाऱ्यावर तर हजारोंनी आहेत. खांब म्हणजे मुख नव्हे. मुंबई परिसरात लाव्हाचे स्थानिक प्रकार मात्र खरेच वेगळे आहेत, मढ-उत्तनकडे रायोलाइटसारखे फिकट दगडही मिळतात. गिल्बर्ट हिलचे खांब तर साठेक मीटर उंच आहेत. चहूकडून खाणीने पोखरलेल्या त्या टेकडीचे मोल राखायला खोटा ‘तिसरा क्रमांक’ लागत नाही.

राहिले झरे आणि भूकंप. भीती याच दोन गोष्टींतून पसरते.

वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, दापोलीतले उन्हवरे, संगमेश्वरकडचे तुरळ आणि राजवाडी. या गावांतले पाणी गरम आहे, पण त्याखाली लाव्हा नाही. जमिनीत खोल जाऊ तसे दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढते, हे जगात बहुतेक सगळीकडे असेच आहे. पावसाचे पाणी कोकणातल्या खोल भेगांतून खाली मुरते, तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. हिमालयात मणिकर्णला पाणी उकळते, तिथेही ज्वालामुखी नाही.

कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप जलाशयातल्या पाण्याचा दाब आणि आधीपासून ताणलेल्या भेगा यांच्याशी जोडला जातो. तिथे पुढे शास्त्रज्ञांनी खोल छिद्रे घेतली. सुमारे ९३० मीटरवर बेसाल्ट संपला आणि खाली लागला तो त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या छिद्रात तर बेसाल्ट ३३८ मीटरवरच संपला. दोन्हीकडे लाव्हाच्या थरांखाली थंड, जुनाट पाया आहे. ज्यांना जागा ज्वालामुखी बघायचा आहे, त्यांच्यासाठी अंदमानात बॅरन बेट आहे. ते १९९१ पासून अधूनमधून राख आणि लाव्हा ओकते आहे.

डोंगराला भेग पडली की ‘ज्वालामुखी जागा झाला’ म्हणणारे मला म्हणूनच खटकतात. दरडीखाली ३० जुलै २०१४ ला माळीण गेले, २२ जुलै २०२१ ला महाडजवळचे तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. इर्शाळगडाचा सुळका अगदी मेसेजमधल्या चित्रासारखा आहे, पण वाडीवर आले ते पावसाने भिजून सुटलेले माती-दगड. या दरडी आधी खुणा देतात. उतारावर नवी भेग पडते, झऱ्याचे स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होते, झाडे आणि विजेचे खांब कलतात, घराची दारे चौकटीत अडकू लागतात. अशी खूण दिसली तर त्याच दिवशी सरपंचाला, तलाठ्याला किंवा तहसील कचेरीत कळवायचे आणि पाऊस ओसरेपर्यंत म्हाताऱ्या माणसांना, लेकरांना, गुरांना घेऊन उतारापासून दूर राहायचे.