कार्यानुभव : ब-२

मला कार्यानुभवात ब-२ श्रेणी मिळाली आहे. प्रगतिपुस्तकावर नाव आमच्या कन्येचं आहे आणि दुसरीतही तीच आहे, पण पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून हौदात उतरवणारं ते पुठ्ठ्याचं घर मी केलं होतं. मी परभणीच्याच कृषी विद्यापीठातून अभियांत्रिकी शिकलो. पाणलोटाच्या कामांची अंदाजपत्रकं करून पोट भरतो, आणि माझ्या बंधाऱ्यांत खरोखर पाणी अडतं. त्या घराच्या पत्र्याला मी मोजून उतार दिला होता. हौदाला जास्तीचं पाणी बाहेर सोडणारा सांडवासुद्धा ठेवला होता. कोष्टकात ब-२ म्हणजे ६१ ते ७० टक्के. माझे बाकीचे टक्के कुठून वाहून गेले, ते मला अजून सापडलेलं नाही.

अ-१ कुणाला मिळाली तेही सांगतो. शेजारी एक थर्माकोलची सूर्यमाला मांडली होती. शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात ती तयार मिळते, चमकी लावून आणि वरून प्लास्टिकची पिशवी घालून. तिच्यात नऊ ग्रह होते. प्लूटोची ग्रहपदावरून २००६ सालीच उचलबांगडी झाली, पण दुकानदाराकडं जुना माल पडून असेल तर त्याला खगोलशास्त्रज्ञ तरी काय करणार? थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ साली बंदी आली. हे दोन्ही निर्णय आमच्या गल्लीत यायचे आहेत. तोवर बाद ग्रहाला अ-१ आणि चालू सांडव्याला ब-२.

हे सगळं १ मेला, झेंडावंदनानंतर निकाल वाटताना. 'जगात जर्मनी, देशात परभणी' असं आमच्याकडं छाती काढून म्हणतात. असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मे महिन्यात दुसरीच्या बाकावर बसवावं, पत्र्याच्या वर्गात, बंद पंख्याखाली. गुडघे हनुवटीला लागतात आणि घाम तिथून थेट प्रगतिपुस्तकावर पडतो.

माझ्या पुढच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन आणि मांडीवर फाइल. दुसरीच्या निकालाला फाइल घेऊन आलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. फाइलमध्ये प्लास्टिकच्या कप्प्यांत लेकराचे चाचण्यांचे पेपर होते, तारीखवार लावलेले. ज्याचे ते पेपर, तो इसम बाकाखाली बसून पेन्सिलला टोक करत होता. पेन्सिल संपत आली तरी त्याचं चालूच होतं.

"मॅडम, दोन मार्क कुठं गेले?" गृहस्थांनी विचारलं.

मॅडमनी प्रगतिपुस्तक उघडलं. "गणितात अठ्ठ्याण्णव आहेत की त्याला."

"तेच म्हणायलो मी. दोन कुठं गेले?"

"अहो, एक्क्याण्णवच्या पुढं सगळे अ-एकच असतात."

"अ-एक काय, कुणाला बी भेटतंय, मॅडम." आणि मागं वळून, "ह्या भाऊंच्या लेकराला बी असंल. काय भाऊ, किती?"

सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. "गणितात अ-एक आहे," मी म्हणालो.

"अन् बाकीच्यात?"

"कार्यानुभवात जरा..."

"सोडा हो. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेला कार्यानुभव नसतंय."

एवढं बोलून ते बाकासकट माझ्याकडं वळले, आणि मॅडम दुसऱ्या पालकांशी बोलतायत तेवढ्या वेळात त्यांनी मला पोराचं पुढचं आयुष्य सांगितलं. आता दुसरी. पाचवीत नवोदय शाळेची प्रवेश परीक्षा. ऐंशी प्रश्न, शंभर मार्क, दोन तास. लागला तर लागला, नाही तर सहावीपासून फाउंडेशनचे क्लास. दहावी झाली की नीटच्या तयारीला लातूर. 'लातूर' म्हणताना त्यांनी आवाज खाली आणला. आमच्या आज्या 'पंढरपूर' असं म्हणायच्या.

"लातूरला राहायचं कसं मग? होस्टेल?"

"मेव्हण्याचा प्लॉट हाय तिथं. बांधकाम काढायलो. वर दोन रूम ह्याच्यासाठी."

"पण अजून आठ वर्षं आहेत की."

"आठच राहिलेत, भाऊ." माझी कीव आल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही काय ठरवलंय?"

मी काही ठरवलेलं नव्हतं. संध्याकाळी आंबे आणायचे एवढंच ठरलं होतं. पण तसं सांगितलं असतं तर त्या माणसानं माझ्या मुलीला तिथल्या तिथं दत्तक घेतलं असतं. मी "बघू" म्हणालो. "बघू कामून म्हणता?" ते म्हणाले. "सातशे वीसचा पेपर असतोय. एक प्रश्न चुकला की चार गेले, वरून एक कापतेत. सवय आत्तापासूनच लावावी लागती." बाकाखालून एक हात वर आला आणि दुसरी पेन्सिल घेऊन खाली गेला.

तेवढ्यात मॅडमनी गठ्ठ्यातून पेपर काढला. प्रश्न होता, एकोणऐंशी अंकांत लिहा. पोरानं ८९ लिहिलं होतं.

गृहस्थांनी पेपर उजेडात धरला. "मग चुकलं काय? ऐंशी म्हणलंय न्हवं? आठ आला. एकोण म्हणलंय, नऊ आला."

"एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी."

"ते तुम्हाला अन् मला, मॅडम. लेकराला ऐंशी ऐकू आलं, त्यानं ऐंशी लिहिलं. ऐकण्यात शंभर टक्के हाय त्यो."

आता इथं मला जरा आडवाटेला जावं लागेल, कारण माणूस हेका धरून बसला होता आणि तरीही अगदीच चूक नव्हता. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीनं 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं. विषय समितीच्या अध्यक्ष गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: लिहिताना दशक आधी, बोलताना एकक आधी, वर जोडाक्षरं, मग पोरं गोंधळतात आणि गणिताला घाबरतात. सगळा महाराष्ट्र त्यांच्यावर तुटून पडला. विधानसभेत कोट्या झाल्या, मराठी बुडाली असं ठरलं. तेव्हा मीही व्हॉट्सअ‍ॅपवर चार विनोद पुढं ढकलले होते, आणि त्यातला एक अजूनही मला चांगला वाटतो. आमची आई तर चवताळलीच होती. ती अडीचकी पाठ म्हणते, भाजीवाल्याचा हिशेब पावकी-निमकीत करते, आणि 'सत्तर नऊ' म्हणणाऱ्याला ती घरात घेणार नाही. पण त्या पोराला कुणी 'सत्तर नऊ' म्हटलं असतं तर त्यानं ७९ लिहिलं असतं, हेही खरंच. ह्या गृहस्थांना हे सांगावं असं मला वाटलं. पण त्यांच्या फाइलमध्ये नारळीकरांसाठी कप्पा दिसत नव्हता.

शेवटी त्यांनी फेरबेरजेची मागणी केली. दुसरीच्या गणिताची! दुसरीला शंभरातले सत्तर आकारिकचे असतात, म्हणजे तोंडी काम, प्रात्यक्षिक, गृहपाठ वगैरे, आणि सत्राअखेरच्या संकलित चाचणीचे, तोंडी-लेखी मिळून, तीस. मॅडमनी पदराला हात पुसले, सत्तराचा कागद काढला, तिसाचा काढला, आणि रांगेतले आम्ही सगळे पालक पुतळ्यासारखे बसलेलो असताना त्यांनी बेरीज केली. मग परत केली. मग चष्मा पुसला.

"एक मार्क जास्तीचा पडलाय ह्याला," त्या म्हणाल्या. "सत्त्याण्णव होतायत."

वर्गात शांतता पसरली. बाकाखालचं टोकयंत्रसुद्धा थांबलं. गृहस्थांनी फाइल मिटली, खिशातली दोन्ही पेनं एकदा चाचपली आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "राहू द्या, मॅडम. उगंच खाडाखोड नको. लेकराच्या मनावर परिणाम होतो."

मॅडमनी राहू दिले. मी मनातल्या मनात माझ्या ब-२ ची फेरबेरीज मागायचं रद्द केलं. सांडव्याच्या उताराचे मार्क वाढायच्या ऐवजी पन्हाळीचे कापले गेले असते.

माझा नंबर आला. प्रगतिपुस्तकात उजव्या पानावर वर्णनात्मक नोंदी असतात: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. आमच्या मुलीची विशेष प्रगती अशी होती: 'मित्रांशी सहकार्याने वागतो. आपली मते ठामपणे मांडतो.' तिच्या पुढच्या बाकावरच्या मुलाचीही हीच विशेष प्रगती होती. त्याच्या पुढच्याचीही. मी विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, "अहो, भरताना राहिलं." ह्या नोंदींच्या पीडीएफ फिरतात, छापील पुस्तिका मिळतात. शिक्षकानं त्यातून उचलायचं आणि भरायचं. त्यांनाही दोष द्यावासा वाटत नाही. दिवसभर त्या बाईला ऑनलाइन माहिती भरायची असते, निवडणुका आल्या की मतदार याद्या असतात, आणि हे सगळं झाल्यावर वर्ग असतो. पण हे समजून घेऊनही राग यायचा तो आलाच. वर्षभर माझी पोरगी त्या वर्गात बसली, आणि ती मुलगी आहे एवढी बातमीसुद्धा कागदापर्यंत पोचली नाही.

मी एकच विचारलं, "वाचते कशी ती?"

"लिहिलंय की नोंदीत." त्यांनी बोट ठेवलं. 'समजपूर्वक वाचन करतो.'

शिक्षणाची पाहणी करणारे 'असर'वाले २००५ पासून गावोगाव घरी जाऊन पोरांना दुसरीचा उतारा वाचायला लावतात. पाचवीतल्या कितीतरी पोरांना तो वाचता येत नाही, हे दर वेळी पेपरात छापून येतं आणि दर वेळी सगळे हळहळतात. ती पोरंसुद्धा प्रगतिपुस्तकात समजपूर्वक वाचन करत असतील, कुणी सांगावं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं थांबवलं, सातत्यपूर्ण मूल्यमापन आणलं, पोराला परीक्षेची भीती राहू नये म्हणून. हेतू चांगलाच होता. पोरांची भीती गेली, ती आमच्या मानगुटीवर येऊन बसली. माझ्या वडिलांनी माझा निकाल कधी नीट बघितला नव्हता, 'पास का?' एवढंच विचारायचे आणि सायकलला टांग मारायचे. आता पोरं निवांत बाकाखाली टोकं करतात आणि बाप फाइल सांभाळतात. त्यात आपल्या राज्यानं पाचवी-आठवीला परीक्षेची चाळण पुन्हा लावली आहे, म्हणजे फाइल आणखी जाड होणार.

'सुधारणा आवश्यक' ह्या रकान्यात काय होतं, ते मी घरी सांगितलेलं नाही. इथं सांगतो: 'प्रकल्प स्वतः करावा.' चाळीसेक पोरांच्या वर्गात हीच एक नोंद मॅडमनी स्वतःच्या मनानं, स्वतःच्या अक्षरात लिहिली होती. प्लूटोवाल्याच्या रकान्यात काय आहे ते बघायला मी मान उंच केली होती, पण त्याच्या आईनं पुस्तक मिटून घेतलं.

फाटकाशी ते गृहस्थ स्कूटरला किक मारत होते. पोरगं पुढं उभं, दोन्ही खिसे पेन्सिलीच्या सालपटांनी भरलेले.

"भाऊ, सुट्टीतले क्लास सोमवारपासून हायेत. नाव घालून टाका. पाच ते दहा."

"वय पाच ते दहा?"

"व्हय. टायमिंग बी पाच ते दहा. ऊन लागायच्या आत लेकरं मोकळी."

मी नाव घातलं नाही. बायकोनं फी विचारून ठेवली आहे.