मशीनला हात लावण्याआधी चप्पल घाला

वॉशिंग मशीन मधेच बंद पडलं की आधी त्याच्या पाठीत दोन धपाटे घाला. जुना टीव्ही याच उपायाने वीस वर्षं चालला होता. प्लग सैल झालाय का, नळ उघडा आहे का, हे अजिबात बघू नका. व्हिजिटचे पैसे घेऊन मेकॅनिक तेच बघतो. त्याच्या पोटावर पाय कशाला आणायचा?

आता प्लग. पाणी तापवणारं मशीन असेल तर हीटर साधारण 2000 वॉटचा, म्हणजे 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर. म्हणून कंपनी 16 अँपिअरचा जाडजूड प्लग देते. तो तुमच्या बाथरूमबाहेरच्या 6 अँपिअरच्या सॉकेटात शिरत नाही. घाबरू नका, नाक्यावरच्या दुकानात कन्व्हर्टर मिळतो. तो एक्स्टेन्शन बोर्डात खोचा आणि शेजारच्या भोकात मिक्सर लावा. प्लास्टिक पिवळट पडून जळका वास येऊ लागला तर उदबत्ती आहेच.

सेमी ऑटोमॅटिक असेल तर ड्रायरचं झाकण उघडताच तो थांबतो, हा फार मोठा दोष. झाकणाचा स्विच चिकटपट्टीने कायमचा दाबून टाका. गरगरत्या टबात हात घालून ओढणी सोडवण्याचा आनंद औरच.

एमसीबी, म्हणजे वायरीतून जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, पडला? उचला. परत पडला? परत उचला. तिसऱ्यांदा पडला तर तो कमजोर आहे, 32 अँपिअरचा बसवून घ्या. भिंतीतली वायर तीच पातळ राहिली तरी दिसते कुणाला? आरसीसीबी तर त्याहून भांडकुदळ. किती करंट गेला आणि किती परत आला याचा हिशोब ठेवतो आणि 30 मिलीअँपिअरची तफावत निघाली की घरभर अंधार. आमच्याकडे तो बरोबर पाणी तापायच्या वेळीच पडायचा. थंड पाण्यावर धुतलं की गुपचूप. हीटरच्या कॉइलमधून करंट झिरपतोय, हे त्याहून स्पष्ट तो बिचारा कसं सांगणार? पण आम्ही वायरमनला बोलावलं आणि म्हटलं, हा सारखा पडतो, काढूनच टाक. (एवढं एकच काम त्याने सांगितल्या दिवशी केलं.)

मग मशीनच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येऊ लागल्या. शेजारच्या काकांनी टेस्टर टेकवला, आतला दिवा मंद लाल लागला. काका म्हणाले, "एवढं असतंच." आणि काका अर्धे बरोबरही होते. अर्थिंग, म्हणजे पत्र्यावर आलेला करंट जमिनीत नेणारी वायर, नसेल तर मशीनच्या आतला विजेतला खरखराट गाळणारा फिल्टर पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज आणून ठेवतो. त्यात करंट नखाएवढा, नुसत्या झिणझिण्या. फुटलेल्या हीटरमधून आलेला करंट मात्र नखाएवढा नसतो. टेस्टरचा दिवा दोन्हींना लागतो. तेव्हा फरक शोधत बसू नका, "असतंच" म्हणा आणि चहा घ्या. अर्थिंग तपासून घ्या म्हणणारा कुणी भेटला तर बिल्डिंग बांधली तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा टाकला होता एवढं सांगून त्याला वाटेला लावा. तो खड्डा आता पार्किंगच्या फरशीखाली कुठे आहे, हे सोसायटीत कुणालाच ठाऊक नाही.

शेवटी उरते चप्पल. आमच्या मशीनपाशी निळ्या पट्ट्यांची हवाई चप्पल ठेवलेली असते. कपडे काढायला जाणाऱ्याने ती घालायची, असा आईचा दंडक. मावशी आल्या की त्यांना चहाच्या आधी हे सांगितलं जातं. पावसाळ्यात चप्पल ओली राहते, तेव्हा खाली पाट घ्यायचा. मेकॅनिकचा नंबर फ्रिजवर दोन वर्षं चिकटवलेला आहे, त्यावरची शाई उडाली.

गेल्या आठवड्यात चप्पल टाचेला झिजून भोक पडलं. बाबा त्याच दिवशी जाऊन नवा जोड घेऊन आले. एक नंबर मोठाच आणलाय, म्हणजे घरात सगळ्यांच्या पायात बसेल.