चेक स्वतःच्या नावावर घेऊ नका

अमेरिकेतलं वारशाने आलेलं आयआरए (निवृत्तीसाठीच्या बचतीचं) खातं सोन्यात वळवा, असं एक लेख सांगतो. पण मोठा धोका सांगायचा राहिलाय. खात्यातून काढलेले पैसे ६० दिवसांत परत भरायची सवलत फक्त गेलेल्या माणसाच्या नवऱ्याला किंवा बायकोला आहे. मुलांनी चेक हातात घेतला, की पारंपरिक (पैसे काढताना कर लागणाऱ्या) खात्यातली ती सगळी रक्कम त्या वर्षाचं उत्पन्न धरतात. पैसे एका कस्टोडियनकडून (खातं सांभाळणाऱ्या संस्थेकडून) थेट दुसऱ्याकडेच जाऊ द्या, खात्यावर गेलेल्या माणसाचं नाव ठेवूनच. आणि नाणी घरी आणायची नाहीत! २०२१ मध्ये टॅक्स कोर्टाने घरी ठेवलेली आयआरएची अमेरिकन ईगल (अमेरिकी सरकारची सोन्या-चांदीची) नाणी करपात्र ठरवली. शिवाय बहुतेक मुलांना हे खातं १० वर्षांत रिकामं करावंच लागतं. आई-वडिलांनी पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे आहेत हो, आधी कर सल्लागाराला विचारा.