मांडी घातल्याने मेंदूला जास्त रक्त मिळत नाही

"शाळेत बाक नकोत, मुलांना जमिनीवरच बसवा" असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. मी तो सोडून दिला असता, पण तो माझ्या भाचीच्या जिल्हा परिषद शाळेच्या पालक-ग्रुपवर आला आणि पहिली-दुसरीसाठी लोकवर्गणीतून बाक घ्यायचं ठरत आलेलं बारगळलं. "आपली जुनी पद्धतच शास्त्रीय आहे" म्हणत दोघा-तिघांनी वर्गणीतून अंग काढून घेतलं. म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

मेसेज म्हणतो, मांडी घातली की पायांकडचं रक्त मेंदूकडे वळतं आणि स्मरणशक्ती वाढते. साफ खोटं. मेंदूला किती रक्त जावं हे शरीर स्वतः सांभाळतं, बसण्या-उठण्याने ते प्रमाण फारसं हलू देत नाही. पायाला मुंग्या येतात त्या मज्जातंतू दबल्यामुळे. पाढे पाठ होण्याशी त्यांचा काही संबंध नाही.

मग जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढतं, याला पुरावा म्हणून मेसेजने दिलेलं ब्राझीलचं संशोधन. ते खरोखर झालेलं आहे, म्हणून तर जास्त चीड येते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांना, होईल तितका कमी आधार घेऊन जमिनीवर बसायला आणि उठायला सांगितलं होतं. ज्यांना ते नीट जमलं नाही, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणजे असं बसता-उठता येणं ही अंगातल्या ताकदीची आणि तोलाची खूण. रोज जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढतं असं त्यात कुठेही सिद्ध झालेलं नाही, आणि शाळकरी मुलांचा तर विषयच नव्हता.

जपानी मुलं शाळेत जमिनीवर बसतात, हे मेसेजमधलं वाक्यही खोटं. तिथे प्राथमिक शाळेपासून प्रत्येकाला टेबल-खुर्ची असते. बाक इंग्रजांनी आणले म्हणून नकोत, असंही म्हणतात. आले असतील इंग्रजांच्या काळात, पण फळा आणि इयत्ताही तेव्हाच रुजल्या. त्या कुणी काढायला सांगत नाही.

पण "पूर्वी सगळी मुलं जमिनीवर एकत्र बसत, भेदभाव बाकांनी आणला" हे वाचून मात्र राहवलं नाही. साताऱ्याच्या शाळेत आपण कसे बसत होतो, हे बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलंय. वर्गातल्या क्रमांकाप्रमाणे इतरांमध्ये बसायची मुभा नव्हती, कोपऱ्यात एकट्याने बसायचं. बसायला गोणपाटाचा तुकडा. तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचा, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. तहान लागली तरी शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी. ही जमिनीवरची शाळा होती. जिथे मुलांना हा इतिहास शिकवायचा, त्याच शाळेच्या ग्रुपवर मोठी माणसं असलं वाक्य पुढे ढकलतात, याचा मला मनापासून राग आहे.

एक गोष्ट मान्य करावी लागते. जमिनीवर बसूनही उत्तम शिकता येतं. सातारा जिल्ह्यातल्याच कुमठे बीटच्या, म्हणजे कुमठे भागातल्या शाळांच्या गटाने, ते दाखवलं. तिथली गटागटाने शिकणारी मुलं आणि रंगवलेल्या फरशा बघायला ठिकठिकाणचे शिक्षक गेले. जड बाकांच्या रांगांत लहान मुलांना दिवसभर डांबणं वाईटच.

पण गटात बसून खेळत शिकणं वेगळं आणि जमिनीवर बसून पानभर लिहिणं वेगळं. भाची दप्तर मांडीवर घेते आणि त्यावर वही ठेवते. दप्तर मऊ, त्यामुळे पेन्सिलीचं टोक कागदात घुसतं. मग वही फरशीवर येते, भाची पार वाकते आणि थोड्या वेळाने पालथी पडूनच लिहायला लागते. वर "नीट बस" म्हणून ओरडाही खाते. पावसाळ्यात फरशीला ओल सुटते, बसायच्या पट्ट्या वाळत नाहीत, ते निराळंच.

शाळेच्या समितीने वर्गणी पुन्हा सुरू करावी. मात्र स्वस्तात मिळतात म्हणून हायस्कूलचे जुने बाक उचलू नयेत, पहिलीच्या मुलांचे पाय त्यावर लोंबकळतात. तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि कोपर टेबलाच्या उंचीला आलं पाहिजे. टेबल दोघा मुलांना सरकवता येईल इतकं हलकं हवं, म्हणजे गोष्टीच्या तासाला वर्ग मोकळा करता येतो. तेवढे पैसे जमत नसतील तर मांडी घालून लिहिता येईल अशी बैठी डेस्कं घ्या. ती गावातला सुतारही करून देईल.