सहा लॅपटॉपवर सहा प्रती म्हणजे बॅकअप नव्हे

काल रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, हे वाच. मला वाटतं सिस्टीमचं आत्ता राहू दे." तिची सहा जणांची ऑडिट फर्म आहे. सगळ्या फाइल्स एका मध्यवर्ती सिस्टीममध्ये कशा न्यायच्या, कोणता फोल्डर कोणाला दिसावा, हे आम्ही दोघी गेले दोन महिने बसून ठरवत होतो. ते सगळं एका निनावी मेसेजमुळे थांबलं. हाच मेसेज मला या आठवड्यात आणखी तीन ग्रुपवर दिसला, म्हणून सविस्तर लिहिते.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. सगळं एका जागी ठेवलं तर एका हल्ल्यात सगळं जातं. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर प्रत असणं हाच खरा बॅकअप. व्हॉट्सॲपवर हवं ते शोधून सापडतंच. अशा सिस्टीम म्हणजे कर्मचाऱ्यांवर पाळत. आणि शेवटी, हे मोठ्या फर्मचे लाड आहेत, लहानांनी फाइलला नीट नाव दिलं की झालं.

यातला दुसरा मुद्दा सगळ्यात घातक आहे, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो.

मी बारा वर्षं वकिलांच्या फर्ममध्ये दस्तऐवज सांभाळते आहे. एका विक्री व्यवहारात आम्ही विकणाऱ्याच्या बाजूने होतो. कराराचा मसुदा तिघांच्या लॅपटॉपवर होता. समोरच्या पक्षाशी फोनवर बोलणं होऊन भरपाईची कमाल मर्यादा खाली आली. सीनियरने तो बदल करून फाइल 'फायनल-२' नावाने ठेवली. त्याच दुपारी ज्युनियरने जुन्या 'फायनल'मधली परिशिष्टं दुरुस्त केली, तिला 'फायनल-सुधारित' नाव दिलं आणि तीच सहीला पाठवली. 'सुधारित' म्हटल्यावर तीच शेवटची, असं कोणालाही वाटेल. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. चूक नऊ दिवसांनी लक्षात आली. पुरवणी करार करावा लागला आणि समोरच्यांनी त्या बदल्यात आणखी एक अट पदरात पाडून घेतली.

त्या तिन्ही प्रती सुरक्षित होत्या. एक अक्षरही हरवलं नव्हतं. खरी प्रत कोणती, एवढंच कोणाला सांगता येत नव्हतं. मध्यवर्ती सिस्टीममध्ये दस्तऐवज एकच असतो. तो कोणी दुरुस्तीला उघडला असेल तर बाकीच्यांना दिसतं, आणि प्रत्येक बदलासमोर नाव आणि वेळ पडते. सीनियरचा बदल झाला आहे, हे त्या ज्युनियरला फाइल उघडताक्षणी कळलं असतं.

बॅकअप म्हणजे ठरल्या वेळी घेतलेली, तारीख माहीत असलेली आणि परत उतरवून तपासलेली प्रत. लॅपटॉपवरची फाइल यातलं काहीच नसते. माणूस नोकरी सोडतो तेव्हा ती त्याच्याबरोबर जाते. लॅपटॉप चोरीला गेला तर अशिलाचे कागद परक्या माणसाच्या हाती पडतात आणि नेमकं काय गेलं याची यादीही देता येत नाही.

बहिणीच्या व्यवसायात तर हे नियमालाच धरून नाही. आयएसए २३० हे लेखापरीक्षणाच्या कागदपत्रांबद्दलचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार अहवालाच्या तारखेपासून साधारण ६० दिवसांच्या आत ऑडिटची फाइल लावून पूर्ण करायची असते. नंतर जतनाची मुदत संपेपर्यंत त्यातलं काहीही काढून टाकता येत नाही. भर घालायची असेल तर का, कधी आणि कोणी, याची नोंद लागते. सहा लॅपटॉपवर सहा फोल्डर असतील तर यातली पूर्ण केलेली फाइल कोणती? एकाने आपल्याकडचं काही डिलीट केलं तर ते कळणार कसं?

आता पहिला मुद्दा. त्यात अर्धं सत्य आहे, हे मान्य करावं लागेल. एका सर्व्हरवर सगळं ठेवलं आणि त्याचा वेगळा बॅकअप घेतला नाही, तर एका रात्रीत सगळं जाऊ शकतं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा संगणकांतली माहिती निकामी करणारा व्हायरस पसरला तेव्हा डीएलए पायपर या बलाढ्य कायदा फर्मचे फोन आणि ईमेल बंद पडले होते. पण उपाय म्हणून प्रती लॅपटॉपवर पसरा म्हणणाऱ्यांनी त्याच दिवशी मर्स्क या जहाज कंपनीत काय झालं ते वाचावं. कोणाला कुठे प्रवेश आहे याची माहिती ठेवणारे त्यांचे सुमारे १५० सर्व्हर जगभर विखुरलेले होते आणि एकमेकांच्या प्रती ठेवत होते. एक गेला तर दुसरा आहेच, असा हिशोब होता. सगळे एकाच वेळी पुसले गेले. वाचला फक्त घानातला एक, कारण हल्ल्याआधी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. पुढे दहा दिवसांत कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. ते ४५,००० म्हणजे लोकांच्या टेबलावरचेच संगणक. पसरलेल्या प्रतींनी त्यांना तारलं नाही, नेटवर्कपासून तुटलेल्या एका प्रतीने तारलं. अशी वेगळी ठेवलेली प्रत एका जागेची घेता येते. सहा जणांच्या डेस्कटॉपवर विखुरलेल्या फाइल्सची रोज कोण घेणार?

व्हॉट्सॲपचं उत्तर छोटं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एसईसी या नियामकाने १६ वित्तीय कंपन्यांना मिळून १.१ अब्ज डॉलरहून जास्त दंड केला. त्यांचे लोक कामाचं बोलणं स्वतःच्या फोनवरच्या मेसेजिंग ॲपवर करत होते आणि कंपन्यांनी ते जतन केलं नव्हतं. आपल्या फर्मला तोच नियम लागू नसेल, पण अशिलाने दोन वर्षांनी "तुम्हीच तसं सांगितलं होतं" म्हटलं, तर सोडून गेलेल्या माणसाच्या फोनमधलं चॅट कुठून आणणार?

पाळत? फाइल कोणी कधी उघडली याची नोंद चुकीचा आळ आलेल्या ज्युनियरलाच आधी वाचवते. आमच्याकडे त्या कराराच्या वेळी तशी नोंद असती, तर त्या मुलीला नऊ दिवसांनंतरचा तो आठवडा तसा काढावा लागला नसता.

राहिला लहान फर्मचा मुद्दा. मोठ्या फर्ममध्ये जुनी फाइल शोधायला वेगळा माणूस असतो. सहा जणांत एक आजारी पडला की त्याच्याकडचं सगळं काम त्याच्या पासवर्डमागे अडकतं. फाइलला नीट नाव द्यावंच, पण 'फायनल-सुधारित' हेही कोणीतरी नीट विचार करूनच दिलेलं नाव होतं.

बहिणीला मी रात्रीच फोन केला. शनिवारी तिच्याकडे जाते आहे. आधी गेल्या वर्षीच्या फक्त तीन क्लायंटचे कागद सहाही लॅपटॉपवरून गोळा करायचे, एकाच कागदाच्या वेगवेगळ्या प्रती शेजारी शेजारी लावायच्या आणि कोणती खरी ते ज्याने काम केलं त्याच्याकडून त्याच्यासमोर लिहून घ्यायचं. मग ते सिस्टीममध्ये चढवायचे, त्याचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यायचा, डिस्क काढून ठेवायची आणि सोमवारी त्यातली एक फाइल परत उतरवून उघडते का ते बघायचं.